पोस्टरवरची बाई आणि संडासासमोरची रांग

प्रश्न असा आला आहे: "मी एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या स्त्रिया आणि अल्पसंख्याकांचे अनुभव, यावर प्रश्न हमखास येतो. एका पुस्तकात लिहिलंय की युद्धामुळे त्यांना संधी मिळाली. दुसऱ्यात जपानी लोकांच्या छावण्या आणि दंगलीच दंगली. दोन्ही एकदम कसं खरं असेल? उत्तराची मांडणी कशी करू?"

मी पदव्युत्तर वर्गांना अमेरिकेचा इतिहास सव्वीस वर्षं शिकवला आणि तेवढीच वर्षं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले. या प्रश्नाचं छापील उत्तर मला तोंडपाठ आहे. 'युद्धामुळे स्त्रिया घराबाहेर पडल्या, त्यांचा आत्मविश्वास वाढला, कृष्णवर्णीयांना रोजगार मिळाला. मात्र जपानी वंशाच्या लोकांवर अन्याय झाला.' चार ओळी, एक 'मात्र', सहा मार्क. यातला एकही शब्द खोटा नाही, पण वाचून काही कळतही नाही. कबूल करते, सुरुवातीची काही वर्षं मीही असंच शिकवत होते.

आता माझं म्हणणं सांगते. कारखान्यांना हात कमी पडले म्हणून दार उघडलं, आणि तेही रांगेच्या क्रमानं. आधी गोरे पुरुष, मग गोऱ्या बायका आणि कृष्णवर्णीय पुरुष, सगळ्यांच्या मागे कृष्णवर्णीय बायका. युद्ध संपलं तेव्हा हीच रांग शेपटाकडून बाहेर काढली गेली. कृष्णवर्णीय कामगारांमध्ये यासाठी म्हणच होती: घेताना शेवटी, काढताना आधी. रांगेबाहेर काढून थेट काटेरी तारेच्या आत टाकलेले लोक वेगळेच. आणि या पाच वर्षांत ज्यांच्या पदरात टिकाऊ असं काही पडलं, त्यांनी ते कोर्टात, युनियनमध्ये नाहीतर मोर्चाची धमकी देऊन काढून घेतलेलं होतं. हे सूत्र धरलं की तुमच्या दोन पुस्तकांतलं भांडण मिटतं.

पोस्टरपासून सुरू करू, कारण तुमच्या डोळ्यांसमोर तेच असणार. ठिपक्यांचा लाल रुमाल बांधून दंड दाखवणारी बाई आणि वर 'वुई कॅन डू इट!'. जे. हॉवर्ड मिलर यांनी ते वेस्टिंगहाउस कंपनीसाठी काढलं. १९४३च्या फेब्रुवारीत कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यांत ते जेमतेम दोन आठवडे भिंतीवर होतं, मग उतरवलं. बाहेरच्या अमेरिकेनं युद्धकाळात ते पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. १९८०च्या दशकात ते पुन्हा वर आलं आणि आता मगपासून मोबाइलच्या कव्हरपर्यंत सगळीकडे आहे. त्या काळच्या लोकांना ठाऊक असलेली 'रोझी द रिव्हेटर', म्हणजे धातूचे पत्रे जोडायचे रिव्हेट मारणारी रोझी, चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांची. 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'च्या २९ मे १९४३च्या अंकावर ती होती: थोराड बांध्याची, मांडीवर रिव्हेट मारायचं यंत्र, हातात सँडविच, पायाखाली हिटलरचं 'माइन काम्फ'. दोन्ही बायका गोऱ्या, दोघींच्या कडेवर मूल नाही, दोघी कुठल्याही रांगेत उभ्या नाहीत. पोस्टर म्हणून ठीक आहे, इतिहास म्हणून पुरत नाही.

आकडे बघा. १९४० साली अमेरिकेत कमावत्या स्त्रिया सुमारे १ कोटी २० लाख होत्या, १९४५पर्यंत सुमारे १ कोटी ९० लाख झाल्या. विमानांच्या कारखान्यांत तर १९४३ साली बायकांचा मोठा भरणा होता. पण 'पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या' हे वाक्य जरा जपून वापरा. कारखान्यात दिसणाऱ्या कितीतरी बायका आधीपासून राबत होत्या: लाँड्रीत, हॉटेलात, दुकानाच्या काउंटरमागे, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात. युद्धानं त्यांचं काम बदललं आणि पगाराचं पाकीट जाड झालं. कृष्णवर्णीय बायकांचं बघा. १९४०मध्ये त्यांच्यातल्या कमावत्या बायकांपैकी सुमारे ६० टक्के घरकामाला होत्या, म्हणजे धुणीभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं. १९४४मध्ये हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास आलं. लॉस एंजेलिसच्या एका विमान कारखान्यात काम केलेल्या एका बाईंनी पुढे मुलाखतीत आपल्या बहिणीचं वाक्य सांगितलं होतं: आम्हाला गोऱ्यांच्या स्वयंपाकघरातून बाहेर कुणी काढलं असेल तर ते हिटलरनं. वर्गात हे वाक्य वाचलं की मुलं हसतात, आणि मग कुणीतरी विचारतंच, "म्हणजे रूझवेल्टनं नाही?"

रूझवेल्ट म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष. त्यांनी काय केलं ते सांगते. १९४१ साली अमेरिका अजून युद्धात उतरायची होती, पण शस्त्रांच्या कारखान्यांत भरती जोरात सुरू झाली होती. फाटकावर कृष्णवर्णीय माणूस आला की त्याला झाडू दिला जाई, नाहीतर परत पाठवलं जाई. रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत काम करणाऱ्या पोर्टर लोकांच्या युनियनचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी सांगितलं की १ जुलैला वॉशिंग्टनवर मोर्चा आणतो, लाखभर माणसं येतील. राजधानीत लाखभर कृष्णवर्णीय रस्त्यावर, या कल्पनेनंच व्हाइट हाउसला घाम फुटला. २५ जून १९४१ला रूझवेल्टनं आदेश क्रमांक ८८०२ काढला: संरक्षण उद्योगांत आणि सरकारी नोकऱ्यांत वंश, वर्ण, धर्म, मूळ देश यांवरून भेदभाव करायचा नाही. मोर्चा मागे घेतला गेला. आदेशाबरोबर एक समितीही नेमली, पण तिला दात नव्हते. तक्रार ऐकायची, समज द्यायची, फार तर अहवाल लिहायचा. तरी सरकारनं कामावर घेण्यातल्या भेदभावाला हात घातला तो असा, न निघालेल्या मोर्चामुळे.

आता संडासाकडे येते. नाक मुरडू नका. कोण कुणाबरोबर पाणी पितं आणि कुणाचा संडास वापरतं, यावरून समाजाची जेवढी ओळख पटते तेवढी घटनेच्या प्रस्तावनेवरून पटत नाही. महाडचं तळं ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगावं लागू नये.

बॉल्टिमोरमध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकचा पॉइंट ब्रीझ नावाचा कारखाना होता. सैन्याला लागणारं दळणवळणाचं सामान तिथे तयार व्हायचं. कृष्णवर्णीय कामगार वाढले आणि गोऱ्यांसाठी वेगळे संडास ठेवायला कंपनीनं नकार दिला. डिसेंबर १९४३मध्ये गोऱ्या कामगारांनी संप केला, त्यात बायका पुढे होत्या. 'त्यांच्या' बायका वापरतात ती संडासाची भांडी वापरली तर आम्हाला रोग होतील, असं उघड बोललं जात होतं. युद्ध ऐन भरात होतं, आणि संडासावरून बंद पडलेला कारखाना शेवटी लष्करानं ताब्यात घेतला. पोस्टरवरची ती रुमालवाली बाई या संपात कुठल्या बाजूला उभी राहिली असती, हा प्रश्न मी तोंडी परीक्षेत विचारायची. उत्तर द्यायला विद्यार्थ्यांना वेळ लागायचा. मला तेवढंच हवं असायचं.

असे संप एक-दोन नव्हते. जून १९४३मध्ये डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती दिली म्हणून सुमारे २५ हजार गोरे कामगार बाहेर पडले. हिटलर आणि जपानचा सम्राट हिरोहितो जिंकले तरी चालतील पण त्यांच्या शेजारी उभं राहून काम करणार नाही, असं तिथे ध्वनिक्षेपकावरून ओरडलं गेल्याची नोंद आहे. त्याच महिन्यात त्याच शहरात दंगल उसळली. ३४ माणसं मेली, त्यांतली २५ कृष्णवर्णीय. त्या २५पैकी १७ पोलिसांच्या हातून गेली. पोलिसांच्या हातून गोरा एकही मेला नाही. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात आठ कृष्णवर्णीयांना ट्राम चालवायचं शिक्षण देणार म्हटल्यावर गाड्या थांबल्या, आणि रूझवेल्टला हजारो सैनिक शहरात उतरवावे लागले.

या सगळ्याचं गणित कृष्णवर्णीयांनी केव्हाच मांडलं होतं. जानेवारी १९४२मध्ये कॅन्ससमधल्या विचिटाच्या एका विमान कारखान्यातला कँटीन कामगार जेम्स थॉम्पसन यानं 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राला पत्र लिहिलं. वय २६. त्याचा प्रश्न होता: अर्धा अमेरिकन म्हणून जगण्यासाठी मी जीव द्यावा का? विजयाची खूण म्हणून सगळीकडे इंग्रजी 'व्ही' दाखवला जात होता. त्यानं सुचवलं की आपण दोन 'व्ही' दाखवू, एक बाहेरच्या शत्रूवर विजयासाठी, एक घरातल्या. वृत्तपत्रानं ती मोहीमच केली. आणि घरातला शत्रू कुठवर पोचला होता? रक्ताच्या बाटलीपर्यंत. रेड क्रॉसनं आधी कृष्णवर्णीयांचं रक्त घ्यायलाच नकार दिला. जानेवारी १९४२मध्ये घ्यायला सुरुवात केली तीही वेगळी चिठ्ठी लावून, वेगळं ठेवून. ही पद्धत १९५०पर्यंत चालली. रक्तद्रव साठवून मोठ्या प्रमाणावर पुरवण्याची व्यवस्था ज्यांनी उभी केली त्यांतले प्रमुख डॉक्टर चार्ल्स ड्रू स्वतः कृष्णवर्णीय होते.

कॅलिफोर्नियातल्या रिचमंड गावाची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. १९४० साली तिथे २३ हजारांच्या आसपास वस्ती होती. हेन्री कायझरच्या चार जहाजबांधणी गोद्या आल्या आणि तीन-चार वर्षांत ती ९० हजारांच्या पुढे गेली. तीन पाळ्यांत काम. एकाच खाटेवर तीन पाळ्यांची तीन माणसं आळीपाळीनं झोपत, गादी थंड व्हायची सोय नव्हती. गोदीत वेल्डिंग करायचं तर बॉयलरमेकर्स युनियनचं कार्ड हवं. युनियननं कृष्णवर्णीयांसाठी वेगळी 'सहायक' शाखा काढली: वर्गणी भरा, मत देऊ नका. त्या शाखेच्या कचेरीत बेटी रीड सॉस्किन नावाची तरुणी कार्डांच्या फायली लावायची. हीच बेटी पुढे रिचमंडच्या 'रोझी द रिव्हेटर' राष्ट्रीय स्मारकात रेंजर झाली आणि वयाच्या शंभरीत निवृत्त झाली. रोझीच्या नावाच्या स्मारकात गणवेश घालून ती येणाऱ्यांना सांगायची की मी रोझी नव्हते, ती गोष्ट गोऱ्या बायकांची होती. माझी आजी-पणजी गुलामगिरीच्या काळापासून बाहेर कामच करत आली, आम्हाला कुणी 'घराबाहेर पडायला' सांगावं लागलं नाही, असं ती म्हणायची.

अशाच सहायक शाखेविरुद्ध शेजारच्या सॉसालिटोच्या गोदीतला वेल्डर जोसेफ जेम्स कोर्टात गेला. १९४४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कामासाठी युनियन सक्तीची असेल तर तिचं पूर्ण सभासदत्व नाकारता येणार नाही. निकाल उत्तम. पण तोवर युद्ध उताराला लागलं होतं आणि गोद्यांत माणसं कमी करण्याची वेळ जवळ आली होती.

रिचमंडपासून फार दूर नाही पोर्ट शिकागो. १७ जुलै १९४४च्या रात्री तिथे दारूगोळा चढवताना स्फोट झाला. ३२० माणसं जागच्या जागी गेली, त्यांतली २०२ कृष्णवर्णीय. बॉम्ब चढवणारे सगळे कृष्णवर्णीय खलाशी होते, हुकूम देणारे अधिकारी गोरे. या कामाचं धड शिक्षण खलाशांना दिलेलं नव्हतं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच काम करायला सांगितल्यावर अनेकांनी नाही म्हटलं आणि ५० जणांना बंडाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. नौदलानं त्यांना दोषमुक्त केलं ते २०२४च्या जुलैमध्ये, स्फोटाला बरोबर ८० वर्षं झाल्यावर. तेव्हा त्यांच्यातलं कुणीही हयात नव्हतं.

बायकांच्या कामाबद्दल आणखी एक गोष्ट, जी उत्तरपत्रिकेत मला क्वचितच दिसली: मुलांचं काय? दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला जाणाऱ्या आईनं मूल कुठे ठेवायचं? लॅनहॅम कायद्याच्या पैशातून सरकारनं पाळणाघरं चालवली. १९४४च्या उन्हाळ्यात तीन हजारांच्या वर केंद्रांत सुमारे १ लाख ३० हजार मुलं होती. गरजेच्या मानानं हे काहीच नव्हतं, पण अमेरिकेच्या केंद्र सरकारनं सर्व थरांतल्या कामकरी आयांसाठी पाळणाघरांचा खर्च उचलला तो त्याच वेळी. सर्वांत देखणी सोय पोर्टलंडच्या कायझर गोद्यांत होती. गोदीच्या फाटकाशीच पाळणाघर, चोवीस तास उघडं. आईची पाळी संपली की मूल जेवूनखाऊन तयार, आणि आधी सांगून ठेवलं असेल तर घरी न्यायला शिजवलेल्या अन्नाचा डबासुद्धा मिळे. माझ्या वर्गातल्या नोकरी करणाऱ्या मुली इथे लिहिणं थांबवून वर बघायच्या. युद्ध संपलं आणि पोर्टलंडची ती पाळणाघरं बंद झाली. १९४६च्या सुरुवातीला सरकारी पैसाही थांबला. बायकांनी निषेध केला, पत्रं लिहिली, काही शहरांत मोर्चे काढले, तरी बहुतेक ठिकाणी कुलपं लागलीच. सरकारच्याच महिला विभागानं केलेल्या पाहणीत युद्धकामातल्या सुमारे तीन-चतुर्थांश बायकांनी सांगितलं होतं की आम्हाला पुढेही काम करायचंय. त्यांना विचारलं गेलं, नोंद झाली, आणि जहाज-विमान कारखान्यांतून त्यांची नावं मस्टरवरून खाली आली. पगाराचंही तसंच. नोव्हेंबर १९४२मध्ये युद्धकामगार मंडळानं समान कामाला समान वेतन द्यायला परवानगी दिली. मालकांनी काय केलं? तेच काम, पण बायका करतात त्याला नाव दिलं 'हलकं काम'.

आता मांझानार, म्हणजे युद्धकाळात जपानी वंशाच्या लोकांना जिथे डांबलं त्यांतली एक छावणी. मुलगा कॅलिफोर्नियात असतो, त्याच्याकडे गेले असताना हट्टानं तिथे जाऊन आले. एका बाजूला सिएरा नेवाडाचे बर्फाचे डोंगर, मध्ये ओसाड माळ, आणि वारा असा की डोळ्यांत वाळूच वाळू. १९४२ साली इथे दहा हजार माणसं काटेरी तारेच्या आत होती. बराकी २० फूट रुंद, १०० फूट लांब. एकेकीत चार खोल्या, एका खोलीत आठ माणसं. कॅनव्हासचे पलंग आणि गवत भरायच्या खोळी. तिथे बायकांचा संडास पुन्हा तसाच बांधून ठेवला आहे. आत गेले. दोन रांगांत पाठीला पाठ लावून भांडी, मधे आडोसा म्हणून काही नाही. दार नाही, पडदा नाही. बायका मध्यरात्र उलटायची वाट बघत, तर सगळ्याच मध्यरात्री येत आणि रांग लागे. कुणी पुठ्ठ्याचं मोठं खोकं बरोबर आणी आणि ते भोवती उभं करून बसे. ते खोकं आळीपाळीनं वापरलं जाई. मी तिथे उभी होते तेव्हा एक वयस्क अमेरिकन बाई आत आली, एकदा बघितलं आणि काही न बोलता बाहेर गेली. त्या दिवसापासून मी हा विषय आदेश क्रमांकापासून शिकवायचं सोडलं.

पण आदेश सांगायला तर हवाच. १९ फेब्रुवारी १९४२, क्रमांक ९०६६. त्यात 'जपानी' हा शब्दही नाही. लष्कराला वाटेल त्या भागातून वाटेल त्याला हलवायचा अधिकार, एवढंच. अंमलात मात्र पश्चिम किनाऱ्यावरचे जपानी वंशाचे सुमारे १ लाख २० हजार लोक उचलले गेले, त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकेत जन्मलेले नागरिक. हातात मावेल तेवढंच सामान, कुटुंबाला एक क्रमांक, गळ्यात तो लिहिलेली चिठ्ठी. आधी काही महिने सांता अनिता आणि टॅनफोरानसारख्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांत. अनेकांची सोय तबेल्यात, भिंतीला घाईघाईनं चुना फासलेला, उन्हात लिदीचा वास वर येणारा. मग ओसाड जागी बांधलेल्या दहा छावण्या.

कारण दिलं घातपाताचं. पश्चिम किनाऱ्याचे सेनापती जनरल डीविट यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे: आजवर एकही घातपात झालेला नाही, हीच पुढे होणार असल्याची खूण! तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी हे वाक्य फळ्यावर लिहावं. खरं कारण शोधायचं तर हवाई बेटांकडे बघा. पर्ल हार्बरचा नौदलतळ तिथलाच, अमेरिकेला युद्धात ओढणारा जपानचा हल्ला तिथे झाला, आणि लोकसंख्येत एक-तृतीयांशाहून जास्त जपानी वंशाचे. तिथे सरसकट उचलाउचल झाली नाही, कारण केली असती तर बेटांचं कामकाजच बंद पडलं असतं. कॅलिफोर्नियात उलट होतं. सॅलिनासच्या बागायतदारांच्या संघटनेचा एक माणूस १९४२ साली मासिकाशी बोलताना सरळ म्हणाला की आम्ही स्वार्थापोटी त्यांना घालवतोय असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. भाजीपाला-फळांच्या शेतीत जपानी कुटुंबं तरबेज होती. इटलीशीही युद्ध होतं, पण नागरिकत्व नसलेल्या सुमारे ६ लाख इटालियनांवरचा 'शत्रू' हा शिक्का ऑक्टोबर १९४२मध्ये पुसला गेला.

छावणीत काम केलं तर पगार महिना १२, १६ किंवा १९ डॉलर. १९ हा सर्वांत वरचा, डॉक्टरचा. त्याच दवाखान्यात बाहेरून आलेल्या गोऱ्या नर्सला याच्या कितीतरी पट मिळत असे. खानावळीत सगळे एकत्र जेवू लागले आणि घरातलं जेवणाचं पान मोडलं. मुलं मित्रांबरोबर, आई लहानग्यांबरोबर, वडील एकटे. गंमत म्हणजे काही बायकांना आयुष्यात पहिल्यांदा रिकामा वेळ मिळाला तो इथे, आणि त्यांनी शिवणकाम, फुलांची मांडणी, इंग्रजीचे वर्ग सुरू केले. ही ओळ लिहिताना सांभाळा. तुरुंगात फुरसत मिळाली म्हणून तुरुंग चांगला ठरत नाही.

हलवण्याच्या हुकमाविरुद्ध कोर्टात गेलेल्या फ्रेड कोरेमात्सूचं नाव सगळे लिहितात: १८ डिसेंबर १९४४, सहा विरुद्ध तीन, सरकार जिंकलं. त्याच दिवशी लागलेला दुसरा निकाल फारसं कुणी लिहीत नाही, आणि तो जिंकलेली एक बाई होती. मित्सुये एंडो, सॅक्रामेंटोत राज्य सरकारच्या वाहन विभागात टायपिस्ट. कधी जपानला गेली नव्हती. भाऊ अमेरिकन सैन्यात. नोकरी गेली, छावणीत टाकलं. जेम्स परसेल या वकिलांनी तिच्या नावानं अर्ज केला. सरकारला धोका कळला. त्यांनी तिला देऊ केलं: किनाऱ्यावर परत जायचं नाही एवढं मान्य कर आणि आत्ता बाहेर पड. बाहेर पडली असती तर खटलाच संपला असता. तिनं नाही म्हटलं आणि काटेरी तारेच्या आतच राहिली. निकाल एकमतानं लागला: निष्ठावान नागरिकाला असं डांबून ठेवता येत नाही. निकालाच्या आदल्या दिवशीच सरकारनं किनारा खुला करण्याची घोषणा केली. तिला राष्ट्राध्यक्षांचं पदक मिळालं जानेवारी २०२५मध्ये, मरणोत्तर. हयात असलेल्यांची माफी आणि माणशी २० हजार डॉलर भरपाई, हा कायदा १९८८चा.

बाकीच्यांचं थोडक्यात. मेक्सिकन शेतमजुरांना ऑगस्ट १९४२पासून करारावर आणलं गेलं, त्यांना 'ब्रासेरो' म्हणत. मजुरीतले १० टक्के बचत म्हणून कापले जात, ते अनेकांना कधीच मिळाले नाहीत. दहाच वर्षांपूर्वी मंदीत याच लोकांना गाड्या भरभरून मेक्सिकोला हाकललं होतं. जून १९४३मध्ये लॉस एंजेलिसमध्ये खलाशांनी ढगळ 'झूट सूट' घालणाऱ्या मेक्सिकन पोरांना रस्त्यात गाठून कपडे फाडून मारलं, आणि अटक बहुतेक पोरांनाच झाली. नवाहो या मूळनिवासी जमातीच्या जवानांनी आपल्या भाषेतून सांकेतिक निरोप पाठवले, पण ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत मूळनिवासींना मत देता आलं ते १९४८मध्ये, कोर्टात जाऊन. चीन मित्रराष्ट्र म्हणून १९४३ साली चिनी लोकांवरची प्रवेशबंदी उठली. वर्षाला किती जणांना प्रवेश? १०५. हिंदुस्थानी लोकांना १९४६च्या लूस-सेलर कायद्यानं नागरिकत्वाचा हक्क मिळाला, वार्षिक कोटा १००. आज अमेरिकेत नागरिक झालेल्या मराठी माणसानं आपल्या कागदपत्रांचा माग काढला तर वाटेत हा कायदा लागतोच. १९२३ साली भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असं बजावलं होतं.

स्त्री आणि अल्पसंख्याक ही दोन प्रकरणं पुस्तकात वेगळी असतात. ती एका माणसात कशी एकत्र येतात हे दाखवायचं तर हेझल यिंग ली घ्या. पोर्टलंडमध्ये जन्मलेली चिनी वंशाची मुलगी, लष्कराची विमानं कारखान्यातून तळावर पोचवणाऱ्या स्त्री वैमानिकांच्या 'वास्प' दलात. या दलातल्या १,०७४ जणी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या, एकंदर ३८ मेल्या. सरकारी हिशेबात त्या सैनिक नव्हत्या. कुणी मेली तर शवपेटी घरी पाठवायला मैत्रिणी वर्गणी काढत. सैनिकाचा दर्जा मिळाला १९७७मध्ये. हेझल नोव्हेंबर १९४४मध्ये मोंटानात उतरताना झालेल्या अपघातात भाजून गेली. ही बातमी कळल्यावर तीन दिवसांत घरी दुसरी तार आली: रणगाडा दलातला तिचा भाऊही फ्रान्समध्ये मारला गेला. घरच्यांनी दोघांसाठी दफनभूमीत जागा निवडली तर तिथल्या लोकांनी सांगितलं, हा भाग गोऱ्यांचा आहे. कुटुंब भांडलं आणि जागा मिळवली.

युद्धानंतरचं एकच सांगते, कारण उत्तरात 'परिणाम' लागतात. परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरकर्ज देणारा जी.आय. बिल कायदा कागदावर सगळ्यांसाठी एकच होता, पण कर्ज द्यायची गावची बँक. मिसिसिपीतल्या १३ शहरांच्या १९४७च्या पाहणीत अशी ३,२२९ कर्जं मोजली गेली. त्यांतली कृष्णवर्णीयांना दोन. दोन टक्के म्हणत नाही, दोन कर्जं.

प्रबंधिकेसाठी विषय हवा असेल तर एक सुचवते. १९४६च्या जुलैमध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीयांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं, त्याची प्रत त्यांना हवी होती. दोघांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की हा अभ्यास आम्हाला आवश्यकच आहे, असं त्यांनी लिहिलं, आणि डू बॉइस यांनी त्याच महिन्याच्या ३१ तारखेला उत्तर पाठवलं. आंबेडकर स्वतः १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. पत्रं छोटी आहेत, इंग्रजी सोपं आहे.

आणि मांडणी? गटवार परिच्छेद पाडू नका. भरती, कामाची जागा, घर आणि मुलं, कोर्ट, परतीचा प्रवास अशा टप्प्यांनी जा आणि प्रत्येक टप्प्यावर रांगेत कोण कुठे उभं होतं ते लिहा. पोस्टरला एक ओळ पुरे. शेवटचं म्हणजे आदेशांचे क्रमांक नीट पाठ करा. ८८०२नं कारखान्याचं फाटक उघडलं, ९०६६नं छावणीचं बंद केलं. मधे आठच महिने आणि खाली सही एकाच माणसाची, त्यामुळे दर परीक्षेत निदान दहा पेपरांत त्यांची अदलाबदल होते आणि मला लाल पेन उचलावं लागतं.